कुस्तोदियोचे नऊ गुण

एर्मेलिंदाला राग यायला फारसं कारण लागत नसे, हे इस्पितळातल्या झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्ट बंद पडली की ती लिफ्टला शिव्या द्यायची, पाऊस आला की पावसाला, आणि शिव्या खायला कुणीच सापडलं नाही तर स्वतःच्या गुडघ्यांना. पण त्या मंगळवारी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती एका आकड्याने. आकडा होता नऊ.

शंभरातले नऊ. शाळेत नऊ मिळाले तर पोराला बडवतात. या परीक्षेत सगळं उलटं होतं. ज्याला शून्य तो ठणठणीत आणि सुखी, ज्याला शंभर त्याला जगणं नको झालेलं. त्या हिशोबाने तीस रोग्यांमध्ये सगळ्यात सुखी माणूस निघाला तो कुस्तोदियो, एर्मेलिंदाचा धाकटा भाऊ. वय त्रेपन्न. दोन्ही फुप्फुसांत दगडाची धूळ. दिवसभर नाकात नळी, नळीचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या ऑक्सिजनच्या यंत्राला, आणि नळी जेवढी लांब तेवढंच त्याचं जग. इस्पितळात यायचं तर रुग्णवाहिकेतल्या सिलिंडरवर. आणि हा म्हणे सगळ्यात सुखी!

छातीच्या विभागात एर्मेलिंदा बावीस वर्षं मदतनीस होती. चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या, वजनं करायची, नळीत फुंकायला बसलेल्या माणसाला "फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका!" असं ओरडून सांगायचं, ही तिची कामं. नवरा तरुणपणी कामाला म्हणून फ्रान्सला गेला आणि तिकडचाच झाला. "गेला ते बरं झालं, इथे राहिला असता तर दगडाने गेला असता," असं ती म्हणे. यात माया किती आणि शाप किती, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

त्या भागात नदीच्या दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. घराघरातला मुलगा चौदाव्या वर्षी छिन्नी-हातोडा घेऊन डोंगरावर जायचा आणि पन्नाशीला एर्मेलिंदाच्या खुर्चीत बसून एक्स-रेच्या खोलीत यायचा. रोगाला कागदावर लांबलचक नाव आहे. माणसं नुसतं ‘दगड’ म्हणतात. अमक्याला दगड लागला म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

डॉक्टर दुआर्त लिस्बनहून आले तेव्हा त्यांनी सोबत एक प्रश्नावली आणली. चौतीस वर्षांचा माणूस, नम्र, झाडूवाल्यालाही आधी नमस्कार करणारा. प्रश्नावली परदेशातली, इंग्रजी. फुप्फुसाच्या रोग्याला विचारायचं, की बाबा, रोगाने तुझ्या जगण्याचं काय केलं? एक्स-रेमध्ये डाग दिसतो, पण तो डाग घेऊन माणूस दिवस कसा काढतो हे दिसत नाही. ते या कागदावरून कळायचं होतं. कल्पना एर्मेलिंदालाही आवडली होती. हे तिने नंतर कधी कबूल केलं नाही, पण आवडली होती.

ब्राझीलच्या लोकांनी हाच कागद आपल्या पोर्तुगीजमध्ये आधीच करून घेतला होता. तो इथे चालेना, कारण तिथलं बोलणं वेगळं आणि इथलं वेगळं. म्हणून पहिल्यापासून काम. दोन जणांनी वेगवेगळं भाषांतर केलं, तिसऱ्याने दोन्हींतून एक केलं, मग मूळ कागद कधीच न पाहिलेल्या एका इंग्रज बाईंनी ते पुन्हा इंग्रजीत नेलं, आणि ते मुळाशी ताडून पाहिलं. सगळं तंतोतंत जुळलं. मग पाच विद्वान दोन दुपारी टेबलाभोवती बसले. मूळ कागदात एका प्रश्नात गोल्फ होता. गोल्फचं काय करायचं यावर एक तास गेला आणि शेवटी ‘बागकाम’ असं ठरलं. कॉफी ठेवता ठेवता एर्मेलिंदा म्हणाली, "बाग कसली घेऊन बसलात? आमच्याकडे कोबी लावतात." पाचही जण तिच्याकडे पाहून गोड हसले, आणि बागकामच ठेवलं.

आता कागद खऱ्या रोग्यांवर घासून पाहायचा होता. निम्म्या दगडवाल्यांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि डॉक्टरांपुढे ते कवायतीला उभं राहिल्यासारखे ताठ बसत. म्हणून वाचून दाखवायचं काम एर्मेलिंदाकडे आलं, ती त्यांच्यातली. तिला नियम पढवले. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. समजावायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. उत्तर आलं की खूण करायची, आणि या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं, एवढं विचारून लिहून घ्यायचं. पानाच्या तळाशी एक ओळ होती: प्रश्न जसाच्या तसा वाचला आणि रोग्याने मोकळेपणाने उत्तर दिलं. त्याखाली तिची सही.

डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की विभागाला आठ छोटी यंत्रं मिळणार आहेत, पाठीवर अडकवून फिरता येतील अशी. सोबत आठवड्यातून दोनदा व्यायामाचा वर्ग. फुंकायच्या चाचणीत तिघा-चौघांचा अपवाद सोडला तर सगळे सारखेच गाळात, तेव्हा ज्यांचं जगणं जास्त अडलंय त्यांना आधी. ते या कागदावरून ठरणार.

तर माणसं आली. रविवारचा कोट घालून, केसांना पाणी लावून, बायकोला सोबत घेऊन आली.

"जिना किंवा चढ चढताना तुम्हाला किती त्रास होतो?" एर्मेलिंदाने वाचलं. समोर सख्खा भाऊ. त्याला ‘तुम्ही’ म्हणताना तिची जीभ अडखळली, पण छापलेलंच तसं होतं.

"काही नाही," कुस्तोदियो म्हणाला.

"चढला तर त्रास होईल ना," ग्रासा म्हणाली. ग्रासा त्याची बायको. "दोन वर्षं झाली, चर्च टेकडीवर आहे म्हणून याने देवालाच खाली यायला सांगितलंय."

"गप गं," कुस्तोदियो म्हणाला आणि खोकला.

"बुटाची नाडी बांधताना किती त्रास होतो?"

"काही नाही."

"नसणारच! वाकते मी, आणि त्रास होतो माझ्या कंबरेला."

"गप म्हटलं ना!"

"घरकाम करताना?"

"मी कधी... केलंय घरकाम?" कुस्तोदियोला खरंच आश्चर्य वाटलं. "काही नाही... लिही."

बायको जे बोलली ते लिहायला कागदावर जागा नव्हती. एर्मेलिंदाने खुणा केल्या. या प्रश्नातून काय समजलं असं विचारलं तेव्हा त्याने जिना म्हणजे काय, नाडी म्हणजे काय, सगळं बरोबर सांगितलं. तिने सही केली. त्या आठवड्यात तिने तीस पानांवर सह्या केल्या, प्रत्येक वेळी पेन कागदात रुतेल एवढं दाबून. पण नियम म्हणजे नियम, आणि एरवी नियमांनाही शिव्या देणारी ही बाई या वेळी मात्र शहाण्यासारखी वागली.

मंगळवारी डॉक्टर दुआर्त आकड्यांचा कागद घेऊन आले. चेहरा खुललेला.

"डोना एर्मेलिंदा, बघा तरी! एकही प्रश्न असा नाही की जो कुणाला समजला नाही. आणि आकडे बघा. परदेशात असल्या फुप्फुसांच्या माणसांना पन्नास, साठ गुण येतात. आपल्याकडे सरासरी एकोणीस! काय सोशिक माणसं आहेत ही. कुटुंबाचा आधार, श्रद्धा... यावर वेगळा लेख लिहायला हवा."

"सोशिक," एर्मेलिंदा म्हणाली.

"हो ना. आणि तुमचे भाऊ तर... नऊ! कौतुक आहे."

"म्हणजे त्याला यंत्र नाही."

डॉक्टरांनी कागद खाली घेतला. "यादी शुक्रवारी करायची आहे. आकड्यांप्रमाणे बघितलं तर ते तिसावे आहेत. मला वाईट वाटतं, पण ते स्वतःच म्हणतायत की त्यांना काही अडचण नाही."

ती काहीतरी फेकणार होती. हाताशी फक्त थुंकायची भांडी होती, म्हणून राहिलं. माणसाला दगड चारायचा, वर त्याने कण्हायचं नाही, आणि कण्हला नाही की त्याच्या सोशिकपणावर लेख लिहायचा! पण खरी चीड डॉक्टरवर नव्हती. चीड त्या तीस कोटवाल्यांवर होती. ताकाला जाऊन भांडं लपवणारी जात! डॉक्टरकडे यायचं, तासभर बाकावर बसायचं, आणि विचारलं की म्हणायचं, काही नाही.

कामावरून सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. तडक भावाकडे गेली. ग्रासा मागे कोंबड्या कोंडत होती. कुस्तोदियो टेबलाशी सूप पुढ्यात घेऊन बसला होता.

"नऊ!" ती दारातूनच ओरडली. "शंभरात नऊ! अरे, पोपसुद्धा एवढा सुखी नसेल!"

"कमी आले... तर बरंच ना?"

"कमी म्हणजे तुला त्रासच नाही! आठ जणांना पाठीवरचं यंत्र मिळणार, आणि तू तिसावा. या खुर्चीला चिकटून मरायचंय का तुला? त्या बेल्मिरोला चोवीस आलेत. बेल्मिरो अजून सायकल चालवतो! का खोटं बोललास कागदाला?"

कुस्तोदियोने चमचा ठेवला. तो दोन-दोन शब्दांचे तुकडे करून बोलायचा, प्रत्येक तुकड्यामागे श्वासाची वाट बघत.

"कागद होता... लिंदा. कागदाला... काय सांगायचं असतं... तुला ठाऊक नाही?"

"मला काय ठाऊक असणार?"

"तूच तर... शिकवलंस."

तिला वाटलं, ऑक्सिजन कमी पडून हा बरळतोय. पण तो बरळत नव्हता. तो तिला शेडची आठवण करून देत होता. खाणीची शेड, वर्षातून एकदा येणारा कंपनीचा डॉक्टर, लाकडी टेबल, टेबलावर कागद. टोप्या हातात घेऊन पुरुषांची रांग. धाप लागते का? खोकला आहे का? चढताना काही होतं का? जो ‘हो’ म्हणाला त्याला शनिवारी बोलावून सांगत, तू आता घरी बस, विश्रांती घे. त्यांच्या बापाने एक वर्षी खरं सांगितलं होतं. बापाची विश्रांती सहा वर्षं चालली आणि मग त्याला पुरलं.

बाप घरी बसला त्याच्या पुढच्या वर्षी कुस्तोदियो बावीस वर्षांचा होता आणि हिवाळ्यापासून खोकत होता. एर्मेलिंदा तेव्हा खाणीच्या कचेरीत झाडलोट करायची, साहेबांना कॉफी न्यायची. ट्रे घेऊन जाताना ती रांगेत त्याच्याजवळ थांबली, एका हाताने त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला आणि म्हणाली, "काहीही विचारलं तरी ‘काही नाही’ म्हण. ऐकलंस? सगळ्याला ‘काही नाही’."

"तेव्हापासून... तेच म्हणतो," कुस्तोदियो म्हणाला. "नव्या पोरांनाही... मी तेच शिकवलं. सगळ्यांनी... सगळ्यांना शिकवलं."

एर्मेलिंदाने खुर्ची ओढून घेतली. ही गोष्ट ती विसरली होती, असं म्हणता येणार नाही. शेड तिला आठवत होती, बाप आठवत होता, टोप्या आठवत होत्या. पण त्या आठवणीत टेबलाच्या पलीकडे बसून कागद वाचणारा दुसराच कुणी होता. गेल्या आठवड्यात टेबलापलीकडे ती स्वतः बसली होती, म्हणून तिच्या ध्यानात आलं नाही. आणि दुसरी गोष्ट तर तिने आजवर कधी मोजलीच नव्हती. बाविसाव्या वर्षी खोकणारा पोरगा ‘काही नाही’ म्हणून डोंगरावर परत गेला आणि आणखी पंचवीस वर्षं ती धूळ गिळत राहिला. तेव्हा खरं बोलला असता तर? घरात चूल पेटली नसती, हे खरं. पण आज तो टेकडी चढला असता.

रागाला तोंड फुटायला समोर माणूस लागतो. आता समोर कुणीच उरलं नव्हतं. खाणीचा मालक मेला होता, त्याचा डॉक्टर मेला होता. राहिली होती ती एकटी. भावाचं सूप गार झालं म्हणून ती त्याच्यावरच ओरडली, ते गरम करून दिलं आणि घरी गेली.

बुधवारी सकाळी डॉक्टर दुआर्तच्या खोलीत जाऊन तिने तीस पानं मागितली. एखादी सही राहिली असेल, म्हणाली. त्यांनी दिली. तिने तिथेच उभ्या उभ्या पेन काढलं आणि पहिल्या पानावरची आपली सही आडवी-उभी खोडली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"डोना एर्मेलिंदा! काय करताय हे?"

"सही माझी आहे. परत घेतेय."

"वर्षाचं काम आहे माझं!" डॉक्टर पहिल्यांदाच ओरडले, आणि तिला ते बरं वाटलं. "एक शब्द चुकलेला नाही त्यात! प्रत्येक माणसाला प्रत्येक प्रश्न समजला, तुम्हीच लिहून घेतलंय!"

"समजला ना! समजला म्हणूनच तर खोटं बोलले. समजला नसता तर चुकून एखादा खरं बोलला असता."

मग तिने शेड सांगितली. टोप्या सांगितल्या. शनिवारची बोलावणी सांगितली. बापाची सहा वर्षं सांगितली. चिमट्याचं सांगताना ती थांबली, आणि मग तेही सांगितलं. "तुमचा कागद अगदी तसाच दिसतो, डॉक्टर. डॉक्टर, टेबल, चौकोन, पेन. ही माणसं तीस वर्षं या परीक्षेत पास होत आलीत. तुम्ही विचारलंत, ते पुन्हा पास झाले. आणि तुम्ही त्याला सोशिकता म्हणताय."

डॉक्टरांनी खोडलेल्या सह्यांची पानं एकाखाली एक लावली. मग म्हणाले, "पण मला त्यात एक शब्दही वाढवता येत नाही. परदेशात हा कागद ज्यांनी केला त्यांची परवानगी लागते. वाढवला तर आपले आकडे इतर देशांच्या आकड्यांशी ताडता येणार नाहीत."

"ताडता येणार नाहीत तर गेले खड्ड्यात ते आकडे! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गोल्फचं बागकाम करायला तुम्हाला तास मिळाला. या माणसांची भीती काढायला एक वाक्य नाही मिळत?"

ते चिडले. लाल झाले. खिडकीशी गेले आणि परत आले. हा माणूस वाईट नव्हता. नुसता नियमांच्या घरात वाढलेला होता. शेवटी खुर्चीत बसून म्हणाले, "शुक्रवारी तुमच्या भावाला बोलवा. मी समोर बसतो. कागदावर काही लिहू नका. पण वाचायच्या आधी तुम्हाला त्यांच्याशी जे बोलायचं ते बोला. परवानगीचं पत्र मी आजच पाठवतो."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर काय करीन, ते मला आज ठाऊक नाही."

हे उत्तर तिला आवडलं. त्या खोलीत त्या आठवड्यात दिलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.

शुक्रवारी कुस्तोदियो पुन्हा रविवारचा कोट घालून आला. ग्रासा शेजारी बसली. "पुन्हा परीक्षा? पहिल्या खेपेला नापास झाला वाटतं," ती म्हणाली. तो खेकसला, "गप गं." डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. एर्मेलिंदाने कागद पालथा घातला.

"कुस्तोदियो," ती म्हणाली, आणि या वेळी ‘तुम्ही’ म्हणाली नाही. "हा कागद खाणीचा नाही. यावर काहीही सांगितलंस तरी तुला शनिवारी कुणी बोलावणार नाही. कुणाला घरी बसवणार नाहीत, घरीच आहात सगळे. तू बावीस वर्षांचा होतास तेव्हा मी तुला रांगेत चिमटा काढून सांगितलं होतं, सगळ्याला ‘काही नाही’ म्हण. मी चुकीचं सांगितलं. आता मीच सांगतेय, खरं बोल."

ग्रासाने मान वळवून नणंदेकडे पाहिलं. चिमट्याचं तिला कुणी कधी बोललं नव्हतं.

कुस्तोदियोने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. एर्मेलिंदाने कागद सुलटा केला आणि छापलेलं होतं तसं वाचलं. जिना किंवा चढ चढताना?

"चढत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं."

बुटाची नाडी?

"ही बांधते. वाकलो की... डोळ्यांपुढे अंधार."

अंघोळ?

"ही घालते. शनिवारी. मग रविवारी... मी दिवसभर... पडून."

झोप बसल्या बसल्या. मक्याची भाकरी त्याने सोडली होती, कारण चावणं आणि श्वास घेणं एकदम जमत नव्हतं, म्हणून सूप. लोकांसमोर खोकला आला तर? म्हणून तो लोकांत जातच नव्हता. एकदा बांध फुटल्यावर उत्तरं येत राहिली. डॉक्टरांनी मधेच वही काढली आणि मग ती न लिहिताच मिटून मांडीवर ठेवली. ग्रासा एकदाही मधे बोलली नाही. शेवटी एक प्रश्न उरला, पहिल्या खेपेला तीसही जणांनी कोरा सोडलेला. त्याखाली दोन मोकळ्या ओळी होत्या.

"आजारामुळे तुम्हाला सोडून द्यावी लागलेली आणखी एखादी गोष्ट आहे का?"

कुस्तोदियोने ग्रासाकडे पाहिलं. एर्मेलिंदाला भुवई उडवायची परवानगी नव्हती, ती तिने उडवली नाही.

"हसणं," तो म्हणाला.

"म्हणजे?" डॉक्टरांच्या तोंडून गेलं.

"ही बोलते ना... काहीबाही. हसू येतं. हसलो की... खोकला. एकदा सुरू झाला की... थांबत नाही. जीव जातो. म्हणून हिला..." तो थांबला, श्वासाची वाट बघितली. "म्हणून हिला... गप म्हणतो. हसू यायच्या आधी."

एर्मेलिंदाने दोन ओळींत ते जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांनी बेरीज केली. अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, सगळ्यांना पुन्हा विचारून होईपर्यंत यादी थांबेल, पण हा आकडा असलेला माणूस आठांच्या बाहेर राहणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. कुस्तोदियोने मान हलवली. यंत्र मिळणार याचा आनंद व्हायला त्याच्यात जीव उरला नव्हता. तेवढ्यात ग्रासा उठली आणि दार उघडून बाहेर गेली.

एर्मेलिंदा तिच्यामागे गेली. तिला वाटलं, ग्रासा रडत असेल. ग्रासा खिडकीशी उभी होती, आणि भडकलेली होती.

"चार वर्षं," ग्रासा म्हणाली. "चार वर्षं हा माणूस मला गप म्हणतोय. मला वाटलं, मी नकोशी झाले. केस रंगवले मी, लिंदा. या वयात! सूप बदलून बघितलं. जेवताना तोंड शिवून बसायला लागले, कोंबड्यांशी बोलायचे सगळं. आणि हा मेला गाढव, याला हसू येत होतं!"

"ग्रासा..."

"आणि तू." ग्रासा वळली. "तू शिकवलंस त्याला."

एर्मेलिंदाकडे उत्तरं होती. बाप घरी बसलेला होता, घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं, तिच्या जागी कुणीही असती तरी तोच चिमटा काढला असता. सगळी उत्तरं खरी होती.

"हो," ती म्हणाली. "मीच."

ग्रासा एक पाऊल पुढे आली. एर्मेलिंदाला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि तिने चेहरा हलवला नाही. ग्रासाने मनगटाने नाक पुसलं. बाकावर सहा माणसं बसली होती, रविवारचे कोट घातलेली, केसांना पाणी लावलेली, शेजारी आपापल्या बायका घेऊन. प्रत्येकाचा चेहरा ‘काही नाही’ म्हणायला तयार.

"मग उभी काय राहिलीस?" ग्रासा म्हणाली. "जा, यांनाही सांग. आणि बायकांना बाहेर बसवू नकोस. आत घे. आम्हालाही ऐकू दे."